‘बॉम्बे’ रक्तगट : एका अभावाचा शोध

सन १९५२ मध्यें लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत रक्तगटांविषयीं एक अल्पसा निबंध छापून आला. त्यावर वाय. एम्. भेंडे, सी. के. देशपांडे, एच्. एम्. भाटिया, रूथ सँगर, आर्. आर्. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स अशीं सात नांवें आहेत. पहिले तिघे मुंबईचे, पुढील चौघे लंडनचे. ए-बी-ओ या रक्तगटव्यवस्थेशीं संबद्ध असा एक ‘नवा’ गुणधर्म आढळला, असें निबंधाच्या मथळ्यांत म्हटलें असून ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातलेला आहे. या निबंधांत वर्णिलेला रक्तगट पुढें ‘बॉम्बे’ या नांवानें जगभर प्रसिद्ध झाला. शहराचें नांव सन १९९५ पासून अधिकृतपणें मुंबई झालें, तरी रक्तगटाचें नांव शास्त्रीय ग्रंथांत जुनेंच राहिलें आहे.

या शोधाची लोकांत प्रचलित असलेली हकीकत एका वाक्याची आहे : मुंबईंत डॉ. भेंडे यांनीं एक दुर्मिळ रक्त शोधून काढलें. ही हकीकत खोटी नाहीं. पण ती अपुरी आहे. दुर्मिळ रक्त सांपडणें ही एक गोष्ट आणि त्या रक्ताचा अर्थ लागणें ही दुसरी. मुंबईंत जें सांपडलें तो कोणताही नवा पदार्थ नव्हता. एका पदार्थाचा अभाव होता. हा अभाव ओळखतां यावा म्हणून त्यापूर्वीं पन्नास वर्षांचें काम व्हावें लागलें, आणि त्याचें कारण पूर्णपणें उलगडण्यास त्यानंतर आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं. त्या शतकभराच्या कामाचा क्रम येथें लावून दाखवावा, असा आमचा हेतु आहे. कागद नाहीं म्हणून घटना नाहीं, असें अनुमान करूं नये हा नियम आपल्या शास्त्रांत सर्वमान्य आहे. शारीरशास्त्रांत तोच नियम किती महाग किंमत देऊन शिकावा लागला, हें या हकीकतीवरून दिसून येईल.

१. पूर्वपीठिका

एका प्राण्याचें रक्त दुसऱ्याच्या शरीरांत घालण्याचे प्रयोग युरोपांत सतराव्या शतकांत सुरू झाले. सन १६६७ मध्यें पॅरिसच्या झाँ देनी या वैद्यानें कोंकराचें रक्त एका मुलाच्या शिरेंत घातलें. पुढें त्याचा एक रोगी दगावला, प्रकरण न्यायालयांत गेलें आणि फ्रान्समध्यें या प्रयोगांस बंदी झाली. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षें हा विषय जवळजवळ निद्रिस्त राहिला. लंडनच्या जेम्स ब्लंडेल यानें सन १८१८ मध्यें माणसाचें रक्त माणसास देण्यास आरंभ केला. कांहीं रोगी वांचले, कांहीं त्याच उपायानें मेले. एकच उपाय एकास अमृत आणि दुसऱ्यास विष कां व्हावा, याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें.

तें उत्तर व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यानें सन १९०१ मध्यें दिलें. त्यानें स्वतःचें व आपल्या सहकाऱ्यांचें रक्त घेऊन एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवांत मिसळून पाहिल्या. कांहीं जोड्यांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, कांहींत झाल्या नाहींत. या कोष्टकावरून त्यानें ए, बी व सी असे तीन गट पाडले. चौथा गट, ज्याला आज एबी म्हणतात, तो डेकास्टेलो व स्टुर्ली यांनीं सन १९०२ मध्यें दाखविला. पेशींवर ‘ए’ हें चिन्ह असेल तर रक्तद्रवांत ‘बी’च्या विरुद्ध प्रतिपिंड असतें, आणि ‘बी’ असेल तर ‘ए’च्या विरुद्ध; दोन्हीं चिन्हें नसतील तर दोहोंविरुद्ध असतें. एवढा साधा नियम हातीं आल्यावर रक्तदान हें दैवाधीन कृत्य उरलें नाहीं. या कार्याबद्दल लँडस्टायनर यास सन १९३० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

नियम साधा असला तरी त्याची परिभाषा बराच काळ साधी राहिली नाहीं. यान्स्की यानें सन १९०७ मध्यें गटांस एक ते चार असे अनुक्रमांक दिले. मॉस यानें सन १९१० मध्यें तेच अंक दिले, परंतु पहिला व चौथा यांचा क्रम उलटा ठेवला. एकाचा ‘पहिला’ गट तो दुसऱ्याचा ‘चौथा’. दोन शकांतील मित्यांचा घोटाळा झाला तर आपल्याकडे फार तर एखादी लढाई चुकीच्या वर्षीं पडते. या घोटाळ्यांत माणसाचा जीव जाण्याचा संभव होता. पुढें अंक सोडून अक्षरें घेतलीं तेव्हां हा धोका टळला.

लँडस्टायनरचा ‘सी’ गट मात्र याच सुमारास ‘ओ’ झाला. कित्येक देशांत तें अक्षर आजही शून्य असेंच वाचतात. ए नाहीं, बी नाहीं, म्हणून कांहींच नाहीं, असा त्यांतील गर्भितार्थ आहे. आमच्या मतें पुढील सर्व गोंधळाचें मूळ या एका अक्षरांत आहे.

२. वंशपरंपरा आणि तिचा दुरुपयोग

रक्तगट वंशपरंपरेनें उतरतात हें हायडेलबर्ग येथें फॉन डुंगर्न व लुडविक हिर्झफेल्ड यांनीं सन १९१० मध्यें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत लुडविक व त्याची पत्नी हान्का हीं सॅलोनिका येथें होतीं. त्या आघाडीवर अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते व त्यांत हिंदी सैनिकही होते. या दांपत्यानें हजारों सैनिकांचें रक्त तपासून सन १९१९ मध्यें कोष्टक प्रसिद्ध केलें. त्यांत इंग्रज सैनिकांमध्यें बी गटाचें प्रमाण शेंकडा सुमारें ७ निघालें, तर हिंदी सैनिकांमध्यें शेंकडा सुमारें ४१. मनुष्यजातीच्या इतिहासाचें साधन म्हणून रक्ताचा उपयोग करण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न होय.

परंतु साधन हातीं आलें म्हणून त्याचा अर्थ आपोआप खरा लागत नाहीं. ए आणि बी हीं चिन्हें मुळांत दोन निरनिराळ्या मानववंशांची असावींत, असा तर्क या कोष्टकावरून निघाला. जर्मनींतील वंशवाद्यांनीं तो उचलून रक्तगटांस उच्चनीचतेचें माप ठरविण्याची खटपट केली. ज्या हिर्झफेल्डच्या आंकड्यांवर ही इमारत उभी केली, त्यालाच सन १९४१ मध्यें ज्यू वंशाचा म्हणून वॉर्सा येथील कोंडवाड्यांत राहावें लागलें. तो त्यांतून वांचला. पण इतिहासाच्या साधनांचा विपरीत अर्थ लावल्यास काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

गणिताच्या बाजूनें या विषयाची मांडणी गॉटिंगेनच्या फेलिक्स बर्नस्टाइन यानें सन १९२४ च्या सुमारास केली. एकाच स्थानीं ए, बी व ओ अशीं तीन पर्यायी जनुकें असतात; प्रत्येक मनुष्यास त्यांपैकीं एक मातेकडून व एक पित्याकडून मिळतें, असा त्याचा सिद्धांत होता. त्यावरून असें ठरलें कीं, ओ गटाच्या आईस एबी गटाचें मूल होणें अशक्य आहे. हा निर्णय पुस्तकांपुरता राहिला नाहीं. अपत्यत्वाच्या वादांत न्यायालयें रक्तगटाचा पुरावा स्वीकारूं लागलीं. म्हणजे ‘ओ’ या अक्षराच्या अर्थावर आतां रोग्याच्या प्राणाबरोबर माणसांची अब्रूही अवलंबून राहिली.

३. शून्य हें शून्य नव्हतें

ओ म्हणजे अभाव ही समजूत प्रथम डळमळली ती प्रयोगशाळेंत. कांहीं प्राण्यांच्या रक्तद्रवानें ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होतात असें दिसून आलें. मग ओ पेशींवर कांहीं तरी पदार्थ आहे हें उघड झालें. प्रथम तो ओ जनुकाचाच पदार्थ असावा असें मानलें गेलें. परंतु लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें मॉर्गन व वॉटकिन्स यांनीं सन १९४८ मध्यें दाखविलें कीं, हा पदार्थ ए, बी व एबी गटाच्या लोकांतही कमीअधिक प्रमाणांत आढळतो. ज्याच्या ठिकाणीं ओ जनुक मुळींच नाहीं, अशा एबी मनुष्यांतही तो असेल तर तो ओ जनुकाचा कसा असेल? म्हणून त्यांनीं त्यास ‘एच’ असें स्वतंत्र नांव दिलें. एच हा सर्वांच्या ठिकाणीं असणारा पायाचा पदार्थ आहे. ए व बी त्याच्यावर चढतात. ओमध्यें तो उघडा राहतो, असें चित्र हळूहळू स्पष्ट होऊं लागलें.

हें चित्र खरें असेल तर एक प्रश्न सहज निघतो. तो पायाच नसेल तर काय होईल? अशी व्यक्ति तोंपर्यंत कोणास भेटली नव्हती.

४. मुंबईचा निबंध

सन १९५२ च्या निबंधांत अशा तीन व्यक्तींचें वर्णन आलें. त्यांच्या पेशी ए-विरोधी, बी-विरोधी व एच-विरोधी या तिन्हीं द्रवांस दाद देत नव्हत्या. उलट त्यांच्या रक्तद्रवांत तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडें होतीं. त्यामुळें ए, बी, एबी यांच्याच नव्हे तर ओ गटाच्या पेशींच्याही त्यांत गुठळ्या होत. सर्वांस चालणारें म्हणून ज्या ओ रक्ताची ख्याति, तेंच या तिघांस घातक होतें.

येथें प्रमाणाचा एक बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. केवळ ए-विरोधी व बी-विरोधी द्रव वापरून या माणसांचें रक्त तपासलें तर उत्तर बिनचूक ‘ओ’ असें येतें. पेशी खोटें बोलत नाहींत; त्यांना अपुरा प्रश्न विचारला जातो. रोग्याच्या रक्तद्रवाची ओ पेशींशीं गांठ घातली, म्हणजेच पुराव्याची उलटतपासणी केली, तरच विसंगति उघडकीस येते. मुंबईंत ती विसंगति लक्षांत आली आणि ती तपासणाऱ्याची चूक म्हणून निकालांत काढली गेली नाहीं, यांतच त्या संशोधकांचें मोठेपण आहे. एच या पदार्थाची ओळख पटविणारे मॉर्गन व वॉटकिन्स आणि रक्तगटांच्या वंशपरंपरेचे जाणकार रेस व सँगर यांच्या सहकार्यावांचून त्या विसंगतीचा उलगडा झाला नसता. आणि मुंबईच्या रुग्णांवांचून लंडनकरांचा तर्क तर्कच राहिला असता. सात नांवांपैकीं एकच नांव लोकांच्या स्मरणांत राहिलें, तें इतरांना न्याय देऊन राहावें एवढेंच आमचें म्हणणें आहे.

हें रक्त मुंबईंतच कां सांपडावें? सामान्यतः सांगितलें जाणारें प्रमाण पाहतां, हिंदुस्थानांत दर दहा हजारांमागें सुमारें एक मनुष्य या गटाचा आढळतो, तर युरोपांत दहा लाखांमागें एखादा. भाटिया व एल्. डी. संघवी यांनीं सन १९६२ मध्यें या गटाचा आप्तसंबंधांतील विवाहांशीं असलेला संबंध तपासला. मामेबहीण करण्याची चाल महाराष्ट्रांत व दक्षिणेंत जुनी आहे. दोषयुक्त जनुक एकाच घराण्याच्या दोन शाखांतून आलें तर तें अपत्यांत दुहेरी होण्याचा संभव वाढतो, आणि दुहेरी झाल्यावांचून हा गट प्रकट होत नाहीं. सन १९५७ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मुंबईंत रक्तगटांचें संदर्भ केंद्र काढलें. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारांतील आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी ही त्याचीच वाढ होय.

५. जनुक आणि गुण यांच्यामधील पायरी

सन १९५५ मध्यें अमेरिकेंत फिलिप लिव्हाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मूळच्या इटालियन घराण्यांतील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तपासणींत ती ओ गटाची दिसे. परंतु तिच्या अपत्यांत बी चिन्ह उतरलेलें होतें आणि तें तिच्याकडूनच आलें होतें. जुन्या नियमानें हें अशक्य. वस्तुतः त्या स्त्रीच्या ठिकाणीं बी जनुक शाबूत होतें. एचच्या अभावीं तें दबून गेलें होतें व पुढील पिढींत पाया मिळतांच पुन्हां उघड झालें. अशा एखाद्या मातेवर नुसत्या रक्तगटाच्या कागदावरून संशय घेतला गेला असता, तर शास्त्रानें एका निरपराध स्त्रीवर घोर अन्याय केला असता.

याचा उलगडा वॉटकिन्स व मॉर्गन यांनीं सन १९५९ मध्यें मांडला. रक्तगटाचीं चिन्हें हीं शर्करांच्या सांखळ्या आहेत. जनुक शर्करा घडवीत नाहीं. तें प्रथिन घडवितें. त्या प्रथिनांपैकीं कांहीं विकरें असतात आणि प्रत्येक विकर एक ठराविक शर्करा ठराविक जागीं जोडतें. एचचें विकर मूळ सांखळीवर फ्युकोज जोडतें. तें जोडलें गेल्यावरच ए विकरास आपली शर्करा, म्हणजे एन्-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन, आणि बी विकरास साधें गॅलॅक्टोज जोडतां येतें. फ्युकोजच नसेल तर पुढील कारागीर हत्यारें घेऊन रिकामे बसतात. पुढें अशा व्यक्तींच्या रक्तद्रवांत ए वा बी विकर खरोखरच कार्यक्षम स्थितींत असल्याचें दिसून आलें, तेव्हां हा सिद्धांत पक्का झाला. गुण दिसत नाहीं म्हणून जनुक नाहीं, हें जुनें अनुमान येथें कायमचें मोडलें.

सन १९९० मध्यें दोन्हीं मूळ लेख वाचले गेले. यामामोटो व सहकाऱ्यांनीं नवव्या गुणसूत्रावरील ए-बी-ओ जनुक वाचलें. ए व बी या विकरांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा महत्त्वाचा भेद निघाला, आणि ओ म्हणजे बहुधा एका अक्षराच्या लोपानें निकामी झालेला लेख असें ठरलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत लार्सन, लो व त्यांचे सहकारी यांनीं एचचें जनुक वाचलें. तें एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून त्यापासून ३६५ अमिनो आम्लांचें प्रथिन बनतें. सन १९९७ मध्यें कोडा व सहकाऱ्यांनीं हिंदी ‘बॉम्बे’ रक्तगटाचें कारण दाखविलें : या जनुकांतील ७२५ व्या अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर आल्यानें प्रथिनाच्या २४२ व्या स्थानीं ल्युसीनऐवजीं आर्जिनीन बसतें व विकर निकामी होतें. त्याशिवाय लाळेंत एच उत्पन्न करणारें शेजारचें जनुक अजिबात गळून गेलेलें असतें. लेखकाच्या हातून एक अक्षर चुकावें आणि पुढील ओळच सुटावी, असा हा प्रकार आहे.

६. रेयुनियाँ बेटाची साक्ष

जुन्या पोथीचीं कुळें लावतांना समान चुकांवरून त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असें आपण ठरवितों. येथेंही तोच न्याय लागूं पडतो, पण सावधगिरीनें. हिंदी महासागरांतील रेयुनियाँ या फ्रेंच बेटावर एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतून मजूर नेण्यांत आले. त्या बेटावरही एचचा अभाव असलेले लोक आढळले होते. सन १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, हिंदी वंशाच्या लोकांत अगदीं तीच ७२५ व्या अक्षराची चूक व तोच शेजारचा लोप सांपडला. समुद्र ओलांडलेल्या, बहुधा निरक्षर अशा मजुरांच्या मूळ भूमीची साक्ष त्यांच्या रक्तांत शाबूत राहिली होती. परंतु त्याच बेटावरील गोऱ्या वसाहतवाल्यांच्या वंशजांत जो जवळजवळ तसाच दिसणारा क्षीण प्रकार होता, त्याचें कारण निराळें निघालें : तेथें ३४९ वें अक्षर बदललें होतें. बाह्य लक्षण सारखें, मूळ वेगळें. नुसत्या लक्षणावरून वंश ठरविणाऱ्यांस या एका बेटानें दिलेलें उत्तर पुरेसें आहे.

यावरून दुसराही एक बोध घेण्यासारखा आहे. ताम्रपट ज्या गांवीं सांपडतो त्या गांवाच्या नांवानें आपण तो ओळखतों. पण तो तेथेंच कोरला गेला असें मानीत नाहीं. ‘बॉम्बे’ हें नांव शोधाच्या जागेचें आहे, उगमाचें नव्हे. हा गट कोणा एका शहराचा किंवा जातीचा नाहीं.

७. उपसंहार

या सर्व विवेचनावरून आमचे निष्कर्ष पुढीलप्रमाणें आहेत. पहिला : सन १९५२ चा शोध हा मुंबईचें निरीक्षण व लंडनचें रसायन यांचा संयुक्त शोध होय. दुसरा : ओ हें शून्य नव्हे हें सन १९४८ मध्यें सूचित झालें, पण खरें शून्य सन १९५२ मध्यें दिसलें तेव्हांच तें निर्विवाद झालें. तिसरा : जनुक व दृश्य गुण यांच्यामध्यें प्रथिनांची पायरी असते, आणि ती पायरी तुटली तर वरील जनुकें मुकी होतात, नष्ट होत नाहींत.

हा इतिहास केवळ संग्रहीं ठेवण्याचा नाहीं. या गटाचा मनुष्य एरवीं पूर्णपणें निरोगी असतो. आपल्या रक्तांत कांहीं उणें आहे याची त्यास जन्मभर जाणीवही नसते. अपघात, बाळंतपण वा शस्त्रक्रिया या प्रसंगींच तो अभाव बोलूं लागतो, आणि तेव्हां त्यास केवळ त्याच गटाचें रक्त चालतें. महाराष्ट्रांत असे रक्तदाते याद्यांनीं एकमेकांशीं जोडलेले असतात व वेळप्रसंगीं दूरदूरच्या गांवांहून येतात. त्या यादींत नांव येण्यापूर्वीं मात्र त्या माणसाच्या कागदावरील ‘ओ’ या अक्षराविषयीं कोणी तरी शंका घ्यावी लागते. ती शंका घेण्यास ओ पेशींचा एक थेंब व दोन मिनिटांचा धीर पुरतो. सन १९५२ मध्यें मुंबईच्या तिघांनीं तो धीर धरला; आजच्या प्रत्येक रक्तपेढींत तो रोज धरला जावा.